ट्रस्टकडे वर्षाला 20 लाख आहेत, द्यायचे कुणाला?

फोंडा तालुक्यातल्या एका ताईंनी विचारलंय. वडील गेल्यावर तिघा भावंडांनी आणि आईने मिळून त्यांच्या नावाने धर्मादाय ट्रस्ट काढला. सुमारे 3 कोटींची ठेव, वर्षाला 20 लाखांच्या आसपास व्याज. बातमी गावात पसरली आणि सहा महिन्यांत चाळीसेक अर्ज आले. देवळाचा सभामंडप, हायस्कूलला संगणक, फुटबॉल क्लबला जर्सी, दोघातिघांची ऑपरेशनं, एक नाट्यमहोत्सव, एका संस्थेला तर थेट रुग्णवाहिका. "यांतून निवडायचं कसं? गुण देऊन क्रम लावायची काही पद्धत असते का?" असा प्रश्न. जोडीला दोन उपप्रश्न: आईला राहतं घरही ट्रस्टला द्यायचंय, आणि पोर्तुगालात असलेले काका पैसे पाठवायला तयार आहेत.

ताई, मी गोव्यातल्याच एका खाजगी फाउंडेशनचं देणग्यांचं काम वीसेक वर्षं सांभाळलं. गुणांचा तक्ता आम्हीही केला होता, दहा रकाने आणि शंभर गुण. तीन वर्षांनी मागे वळून पाहिलं तर ज्यांचे अर्ज नीट टाइप केलेले, तेच दर वेळी वर. मग तो तक्ता फाडला.

चाळीस अर्जांतून निवडायचं कसं हा तुमचा प्रश्न आहे असं तुम्हांला वाटतंय, पण खरी अडचण त्याच्या आधीची आहे. अर्ज येतात ते अर्ज लिहिता येणाऱ्यांचे, तुमच्या बाल्कांवात (घरापुढच्या ओट्यावर) येऊन चहा पिऊ शकणाऱ्यांचे. धारबांदोड्याच्या टोकाच्या वाड्यावरून कुणी येत नाही, कारण तिथून फोंड्याला येऊन परत जाण्यात दिवसाची मजुरी जाते. रांगेतूनच निवडत राहिलात तर तुमच्या ट्रस्टची दिशा ती रांग ठरवणार. म्हणून चाळीस कागद सध्या कपाटात ठेवा आणि आधी हे शोधा: आपल्या भागात अशी कोणती कामं आहेत, ज्यांना दुसरं कुणीच पैसे देत नाही आणि ज्यांचं 20 लाखांत काही होऊ शकतं?

यातलं बरंच तुमच्या परिस्थितीवर आहे, ते आधीच सांगतो. तुमच्या ट्रस्टच्या डीडमध्ये (स्थापनेच्या दस्तात) उद्दिष्टं काय लिहिली आहेत? नुसतं शिक्षण लिहिलं असेल तर ऑपरेशनला देता येणार नाही, मग मन कितीही हेलावो. विश्वस्तांपैकी गावात राहतो कोण आणि महिन्यातले चार दिवस फिरायची कुणाची तयारी आहे? तिघंही पणजीत किंवा बंगळूरला नोकरीत असाल तर मी पुढे सांगतोय त्यातलं निम्मं तुम्हांला जमणार नाही. मग सरळ दोनतीन चांगल्या संस्था निवडून त्यांना दर वर्षी द्या आणि त्यांच्यावर विश्वास टाका. त्यात कमीपणा काही नाही.

आमची पहिली चूक संगणकांचीच होती. सत्तरीतल्या एका हायस्कूलला दहा संगणक दिले, उद्घाटन झालं, फीत कापली, फोटो छापून आला. दीड वर्षाने दुसऱ्याच कामाला त्या बाजूला गेलो आणि सहज आत डोकावलो. खोलीला कुलूप. किल्ली शिपायाकडे, शिपाई रजेवर. खिडकीतून पाहिलं तर कीबोर्डांवरचं प्लास्टिक अजून तसंच. शिकवणारं कुणी नव्हतं आणि मुख्याध्यापकांना हे आम्हांला सांगायचा संकोच होता. निघताना त्यांनी सहज म्हटलं, आमची खरी अडचण वरच्या वाड्यावरची मुलं. बालरथ (शाळेची बस) मुख्य रस्त्यावर थांबतो, तिथपर्यंत मुलं रानातल्या वाटेने चालत येतात, आणि पावसाळ्यात व्हाळ (ओढा) भरला की जून ते सप्टेंबर अर्धी हजेरी जाते. त्या व्हाळावर सुपारीच्या खोडांचा साकव होता. तो पक्का करून द्यायला संगणकांच्या निम्मेही पैसे लागले नसते. आम्ही विचारलंच नव्हतं.

त्यानंतर आम्ही एक सवय लावून घेतली. कुठल्याही विषयात हात घालण्याआधी एका कागदावर लिहायचं: यात सरकार काय देतं, देऊळ किंवा चर्च काय देतं, कंपन्या काय देतात. गोव्यात हा कागद भरतो फार लवकर. दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेतून वृद्ध, एकट्या बायका आणि दिव्यांग यांना सर्वसाधारणपणे दरमहा 2000 रुपये मिळतात, गृहिणींसाठीच्या गृह आधार योजनेचे 1500 वेगळे. दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेत तीन जणांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला 2.5 लाखांचं आणि त्याहून मोठ्या कुटुंबाला 4 लाखांचं कवच आहे. कंपन्यांचं म्हणाल तर मोठ्या कंपन्यांना कंपनी कायदा 2013 नुसार सरासरी नफ्याच्या 2 टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात, आणि वेर्णा, कुंडईच्या वसाहती काही लांब नाहीत. त्यांना 31 मार्चच्या आत संपणारं, नावाची पाटी लावता येणारं काम आवडतं. वर्गखोली, शौचालय, रुग्णवाहिका. तेव्हा रुग्णवाहिकेच्या अर्जदाराला तिकडचा रस्ता दाखवा. देवळाला महाजन (वंशपरंपरागत मानकरी) आहेत, मुंबईपर्यंत पसरलेले कुळावी (तो देव कुलदैवत मानणारी घराणी) आहेत. सभामंडप तुमच्यावाचून अडत नाही.

हे सगळं वजा केल्यावर उरतं काय? डायलिसिसचं उदाहरण देतो, कारण आमच्या कामाची दिशा त्यानेच बदलली. आमच्याकडे वैद्यकीय मदतीचे अर्ज यायचे, 50 हजार, एक लाख. आम्ही थोडेथोडे सगळ्यांना द्यायचो. एका वर्षी ठरवलं की अर्जदारांच्या घरी जाऊनच निर्णय घ्यायचा. सांग्याकडच्या एका घरी गेलो. नवरा डायलिसिसवर, बायको काजूच्या कारखान्यात कामाला. मी कार्ड पाहिलं, योजनेचं कार्ड होतं, उपचाराला एक पैसा लागत नव्हता. मग मागताय कशाला? त्या बाईंनी कपाटातून एक वही काढली. दर आठवड्याला तीन खेपा. रिक्षाचं भाडं, दोघांचा चहा-भाजीपाव, आणि शेवटच्या रकान्यात कारखान्यातला त्यांचा बुडालेला रोज. यंत्राचा खर्च सरकार उचलत होतं, यंत्रापर्यंत जाण्याचा कुणीच नाही. आणि भाड्याला पैसे नसले की मंगळवारची खेप चुकायची, मग शनिवारी बांबोळीच्या सरकारी इस्पितळात इमर्जन्सीत.

आम्ही वैद्यकीय देणग्या बंद केल्या आणि त्याच पैशांत डायलिसिसच्या रुग्णांची ने-आण सुरू केली. गावातल्याच रिक्षावाल्यांशी महिन्याचा दर ठरवला. प्रत्येकाकडे एक वही, खेपेच्या दिवशी रुग्णाची किंवा सोबतच्या माणसाची सही, महिनाअखेर वही घेऊन यायचं आणि बँकेत पैसे जमा. पहिल्या रिक्षावाल्याची वही अजून माझ्याकडे आहे, हँडलखालच्या कप्प्यात राहून डिझेलचा वास लागलेली. याचा अहवाल कुणी विचारला तर मी ती वहीच दाखवायचो. यात फोटो निघत नाही ही अडचण खरी आहे. आमच्या एका विश्वस्तांना ते पहिली दोन वर्षं खटकत राहिलं.

दुसरं उदाहरण तुमच्याच तालुक्यातलं. शिरोडा, दुर्भाटकडे जुवारीच्या काठाने खाजनं आहेत, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली शेतं. बांध फुटून खारं पाणी शेतात घुसलं की सगळे धावतात, पंच येतात, आमदार येतात, सरकारी अंदाजपत्रक होतं. पण बांध फुटतो कसा? कुर्ल्या बिळं करतात, उधाणाच्या दिवसांत पाणी त्या बिळातून झिरपतं, भोक मोठं होतं. पूर्वी कोमुनिदाद (गावची सामाईक जमीन सांभाळणारी जुनी संस्था) माणूस ठेवायची, तो बांधावरून फिरायचा. कूळ कायद्यानंतर ती जबाबदारी कुळांच्या संघटनेवर आली आणि बऱ्याच ठिकाणी कुणाचीच राहिली नाही. एका गावात (नाव सांगत नाही) आम्ही त्या फिरणाऱ्या माणसाचं मानधन दिलं. त्याच्यासोबत एकदा अमावास्येला गेलो होतो. तो बांधाच्या आतल्या अंगाला ओल दिसली की वाकायचा, कोपरापर्यंत हात बिळात घालायचा, मग चिखल आणि गवताचा पेंढा कालवून ठासायचा, वरून पायाने दाबायचा. दोन तासांत सात बिळं. वर्षाचं त्याचं मानधन हे एका नाट्यमहोत्सवाच्या मंडपापेक्षा कमी होतं. मला नाटकाचं वावडं नाही, उलट गावच्या जत्रेच्या नाटकात मी स्वतः तोंडाला रंग लावलाय. पण मंडपाला देणारे दहा मिळतात.

या दोन्ही कामांत पैसा पुन्हापुन्हा द्यावा लागतो. माणसाचा पगार, भाडं, वीज, डागडुजी. बहुतेक देणगीदार नेमका याच खर्चाला नाही म्हणतात, "आम्ही चालू खर्चाला देत नाही". तुमचं बलस्थान तेच आहे: व्याज दर वर्षी येणार, तुम्हांला निवडणूक नाही, मार्चची घाई नाही. पणजीच्या मुष्टिफंडाचं नाव आठवा. घरोघरी रोज बाजूला काढलेल्या मूठभर तांदळावर मराठी शाळा चालवलेली माणसं आहोत आपण. ते तांदूळ इमारतीसाठी एकदाच मागितलेले नव्हते. तर एखादी संस्था निवडली की निदान तीन वर्षांचं वचन द्या, तेही लेखी, आणि दुसऱ्या वर्षाच्या मध्यावरच सांगा की पुढे चालू राहणार की नाही. संस्थांचं सर्वांत जास्त नुकसान "बघू" या शब्दाने होतं.

वचनावरून आमची फजिती सांगतो. आमच्या फाउंडेशनला मूळ ठेव लहान होती, बाकी पैसा कुटुंबाच्या व्यवसायातून दर वर्षी यायचा, आणि तो व्यवसाय खाणींशी बांधलेला. सप्टेंबर 2012 मध्ये खाणी थांबल्या. आम्ही डिप्लोमाला असलेल्या मुलांना तीन वर्षांच्या शिष्यवृत्त्या कबूल करून बसलेलो. एक वर्ष झालं होतं, दोन बाकी. त्यातल्या अर्ध्याअधिक मुलांच्या घरी ट्रक होते, म्हणजे ज्या दिवशी आमचं आटलं त्याच दिवशी त्यांचंही. ठेव मोडून शब्द पाळला, पण पुढची चार वर्षं नवीन काहीच हाती घेता आलं नाही. 7 फेब्रुवारी 2018 ला सर्वोच्च न्यायालयाने खाणींच्या 88 लीज रद्द केल्या तोवर शहाणपण आलं होतं: एका वर्षाच्या वचनांएवढी रक्कम वेगळ्या मुदत ठेवीत. तुमची 3 कोटींची ठेव आहे, तुम्ही त्या मानाने सुखी. तरी व्याजदर उतरतात हे धरून चाला आणि 20 पैकी 12-13 लाखांपेक्षा जास्त लांबच्या वचनांत अडकवू नका.

आता हिशेबाची बाजू. नवा आयकर कायदा 1 एप्रिल 2026 पासून लागू झाल्याने कलमांचे आकडे बदललेत, म्हणून मी आकडे लिहीत नाही, ते सीए सांगतील. नियमांचं मर्म असं. उत्पन्नाच्या 85 टक्के तरी त्या वर्षी उद्दिष्टांवर खर्च व्हायला हवेत, नाहीतर रक्कम कशासाठी साठवताय ते ठरल्या फॉर्मवर कळवावं लागतं. पण तुम्ही दुसऱ्या नोंदणीकृत ट्रस्टला देणगी दिलीत तर त्या देणगीचे 85 टक्केच खर्च म्हणून धरले जातात. म्हणजे 20 लाख उत्पन्नावर 17 लाख खर्च दाखवायचाय आणि 17 लाख तुम्ही संस्थांना दिलेत, तर धरले जाणार 14 लाख 45 हजार. अडीच लाखांची तूट. सगळे 20 दिलेत तर जेमतेम 17 होतात. तुम्ही स्वतः थेट केलेला खर्च, उदाहरणार्थ रिक्षाची भाडी, बांधावरच्या माणसाचं मानधन, पूर्ण धरला जातो. आमचं थेट कामाकडे वळणं निम्मं या गणितामुळेही झालं, खोटं कशाला बोलू. आणि एका दिवसात एकाला 10 हजारांवर रोख देऊ नका, तो खर्च मोजला जात नाही.

देवळाच्या अर्जाला याच कायद्यात उत्तर आहे. तुमच्या देणगीदारांना करसवलत देणारी नोंदणी असेल तर धार्मिक कामावर वर्षाच्या उत्पन्नाच्या 5 टक्क्यांपर्यंतच खर्च चालतो. 20 लाखांत 1 लाख. समितीला हा नियम वाचून दाखवा, वाईटपणा आयकर खात्याकडे जातो. तसंच "आपल्या समाजाच्या मुलांनाच शिष्यवृत्ती द्या" असा आग्रह धरणारे भेटतील, भेटले नाहीत तर मला आश्चर्य वाटेल. एका विशिष्ट जातीच्या किंवा धर्माच्या लोकांपुरताच ट्रस्ट चालवला तर करमाफी जाऊ शकते. अनुसूचित जाती-जमाती, मागासवर्ग, स्त्रिया आणि मुलं यांचा अपवाद आहे. विश्वस्तांच्या नातलगांना लाभ हा तर सरळ धोका. तुमचा भाचा कितीही गुणवान असला तरी त्याचं नाव त्या यादीत नको.

महाराष्ट्रातले मित्र तुम्हांला धर्मादाय आयुक्तांचे सल्ले देतील. तो कायदा गोव्याला लागू नाही, आपल्याकडे डीड सब-रजिस्ट्रारकडे नोंदवून काम होतं. वर्षाकाठी तुमच्याकडे येऊन हिशेब मागणारं स्थानिक कार्यालय नाही, म्हणून तो स्वतःच मांडा. आम्ही कुणाला किती दिले याची एक पानी यादी दर वर्षी पंचायतीच्या फलकावर लावायचो. तिने आमच्यावरचे अर्धे संशय मिटवले आणि काही नवे तयार केले. "त्यांना 40 हजार, आम्हांला 15 का?" असं विचारायला लोक आले, तेव्हा निदान उत्तर तयार ठेवायची शिस्त लागली.

नाही म्हणणं. हे कुणी शिकवत नाही. नकार कळवायचा तो एका महिन्याच्या आत, लेखी, एका ओळीच्या कारणासह. आमदाराचं किंवा पंचाचं शिफारसपत्र जोडलेलं असेल तर ते बाजूला काढून अर्ज वाचायचा, आणि हा नियम पहिल्याच बैठकीत लिहून ठेवायचा, कारण नंतर तो कुणाविरुद्ध तरी केल्यासारखा दिसतो. विश्वस्त ज्या संस्थेच्या कमिटीवर आहे तिच्या अर्जाच्या वेळी त्याने खोलीबाहेर जायचं. आणि 20 पैकी 1-2 लाख असे ठेवा की ज्यांना तुम्हांला नाही म्हणताच येणार नाही त्यांच्यासाठी: भजनी मंडळाची पेटी, क्लबच्या जर्सी, चवथीआधी (गणेशचतुर्थीआधी) अचानक अडलेलं घर. आम्ही त्याला चवथीचा डबा म्हणायचो. डबा संपला की संपला, जानेवारीपर्यंत कुणालाच नाही. हा डबा नसेल तर तुमचं मोठं काम या छोट्या पेचांत वाहून जातं.

अर्जाचा फॉर्म एका पानाचा ठेवा, मराठी चालेल, कोंकणी चालेल, देवनागरी चालेल, रोमी (रोमन लिपी) चालेल. तोंडी सांगितलं आणि तुम्ही लिहून घेतलंत तरी चालेल. वर्षाअखेर तीनच प्रश्न विचारा: काय करायचं ठरलं होतं, काय वेगळं झालं, आणि पुढे काय लागेल. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर "काहीच वेगळं झालं नाही" असं आलं तर न सांगता एकदा भेट द्या. त्या कुलूपबंद खोलीचा अहवालही उत्तमच होता.

आईच्या घराबद्दल घाई करू नका. आपल्याकडे गोव्यात लग्नाच्या वेळी वेगळा करार नसेल तर पतीपत्नीची मालमत्ता सामाईक, निम्मी निम्मी. म्हणजे घरातला वडिलांचा निम्मा वाटा आज तुम्हां तिघांचा आहे, आणि तुमची लग्नं याच पद्धतीने झाली असतील तर त्यात तुमच्या जोडीदारांचाही हक्क आला. आईचा स्वतःचा निम्मा उरतो, पण मुलं असताना त्याच्या अर्ध्यावर वारसांचा राखीव हक्क आहे. तो अर्धा ती दानपत्राने किंवा मृत्युपत्राने परस्पर देऊ शकत नाही. तेव्हा आधी वडिलांच्या मागची इन्व्हेंटरी (वारसांत मालमत्ता वाटून देण्याची कोर्टातली प्रक्रिया) पुरी करा, सगळ्यांच्या, सुना-जावयांसकट, सह्यांची तयारी आहे का ते बघा. तयारी असली तरी मी म्हणेन, आई आहे तोवर घर तिच्याच नावावर राहू द्या.

काकांना एकच प्रश्न विचारा: पासपोर्ट कुठला? भारतीय पासपोर्टवर तिकडे नोकरी करत असतील तर त्यांच्या बचतीतून बँकेमार्फत आलेली देणगी परदेशी धरली जात नाही. पोर्तुगीज पासपोर्ट घेतला असेल तर ते परदेशी नागरिक, आणि त्यांचा पैसा इथल्या खात्यातून रुपयांत आला तरी एफसीआरए (परदेशी देणग्यांचा कायदा) लागू होतो. त्या नोंदणीसाठी ट्रस्टला तीन वर्षं पुरी झालेली आणि त्या काळात 15 लाख उद्दिष्टांवर खर्च झालेले लागतात. शिवाय 2020 च्या दुरुस्तीनंतर असा पैसा पुढे दुसऱ्या संस्थेला देता येत नाही, स्वतःच खर्च करावा लागतो. तोवर काकांनी पाठवू नये. नकळत जमा झालेले 50 हजारही पुढे फार महाग पडतात.

पहिल्या वर्षी मी तुमच्या जागी असतो तर तीन लाखांत चवथीचा डबा आणि एखाददुसरं चालू काम धरलं असतं, उरलेली रक्कम सीएंच्या मदतीने रीतसर साठवली असती आणि बाकीचा वेळ फिरण्यात घालवला असता. प्राथमिक आरोग्य केंद्रातली नर्स, अंगणवाडीची बाई, पोस्टमन आणि रिक्षा स्टँड, या चौघांकडे तुमच्या तालुक्याचा जेवढा नकाशा आहे तेवढा त्या चाळीस अर्जांत नाही. डीडमधलं उद्दिष्टांचं कलम नावं खोडून मला पाठवा. त्यात "आणि इतर लोकोपयोगी कामे" हे शब्द आहेत की नाहीत, त्यावर बांधावरच्या माणसासारखं काम तुम्हांला करता येईल की नाही ते बरंचसं ठरेल.